फोटोवरून रंगवलेलं जुनं घर निर्जीव दिसतंय? काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय, स्वतःच्या चित्रांत आणि दुसऱ्यांच्याही, की आता कॅनव्हास समोर आला की पहिल्या मिनिटात साधारण अंदाज येतो. फोटो सुंदर असतो. पोपडे आलेली भिंत, शेवाळलेली कौलं, मधोमध खचलेलं आढं, एखादी किलकिली खिडकी. माणूस मन लावून आठ-दहा तास अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगवतो, एकेक कौल काढतो, आणि शेवटी समोर जे येतं ते घर वाटतच नाही, घराच्या आकाराचा पुठ्ठा वाटतो. मग तो अजून डिटेल टाकत बसतो, भेगा, गवत, खिळे, आणि चित्र अजूनच मरतं. तिथेच ब्रश खाली ठेवा. डिटेलने हे सुटत नाही, कारण दहातल्या आठ वेळा दोष तुमच्या हातात नसतो, ज्या फोटोवर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवलाय त्याच्यात असतो.

आधी लक्षणं

कारण "काहीतरी गंडलंय" एवढंच कळतं, नक्की काय ते सांगता येत नाही. खालचं वाचून आपल्या चित्रात काय काय लागू होतंय ते कागदावर लिहून काढा.

- भिंतीवरची सावली सावली वाटत नाही, डाग वाटतो.
- खिडक्या-दारं आत डांबर ओतल्यासारखी काळी, आत खोली असेल असं वाटतच नाही.
- उन्हातली भिंत नुसती पांढरी, गिलावा कुठे दिसत नाही.
- घर मागे कललंय, वरती निमुळतं होतंय, किंवा एक कोपरा उगाच अंगावर येतोय.
- फोटोपेक्षा घर उंच किंवा बसकं दिसतंय, पण मोजायला गेलं तर सगळे चौकोन बरोबर.
- रात्री रंग जुळला होता, सकाळी बघितलं तर काळवंडलेला.
- भिंतीचा रंग चिखल. जुनी भिंत नाही, चिखल.
- सगळंच सारखं टोकदार, कात्रणं चिकटवल्यासारखं.
- काही जागा चकाकतात, काही मंद, आणि बाजूने बघितलं की चित्र तुकड्यातुकड्यांचं दिसतं.

यातली तीन-चार लक्षणं बहुतेक एकत्रच येतात. म्हणून क्रम पाळा. फुकटच्या तपासण्या आधी, रंग आणि वेळ खाणाऱ्या नंतर. उलटं केलं तर भिंत दोनदा रंगवावी लागते आणि मग कळतं की चूक फोनच्या सेटिंगमध्ये होती.

स्क्रीन आणि खोलीतला दिवा

दोन मिनिटांचं काम. फोनवर किंवा टॅबवर फोटो बघून रंगवत असाल तर ऑटो ब्राइटनेस बंद करा आणि रात्रीचा तो पिवळट मोडसुद्धा. हा मोड संध्याकाळी आपोआप चालू होतो, म्हणजे दुपारी निळसर दिसलेली सावली रात्री तपकिरी दिसते आणि आपण एकच भिंत दोन बैठकींत दोन वेगळ्या फोटोंवरून रंगवत असतो. माझ्या एका चित्रात घराची डावी बाजू थंड आणि उजवी बाजू गरम झाली होती, तीन दिवस मी रंगांच्या ट्यूबवर संशय घेत होते, शेवटी कारण हे निघालं.

आता एक कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि फोटोतली सगळ्यात उजळ जागा त्या कागदाइतकीच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. स्क्रीन आतून पेटलेली असते, कॅनव्हास मात्र खोलीतल्या उजेडावर जगतो, तुमचा सगळ्यात पांढरा रंग त्या कागदापेक्षा जास्त उजळ कधीच होणार नाही. फुल ब्राइटनेसशी बरोबरी करायला गेलात की भिंतीत पांढरा ओतत राहता आणि ती खडूसारखी होते.

दिव्याचं म्हणाल तर पिवळ्या, २७०० केल्विनच्या बल्बखाली पांढरा आणि फिका पिवळा यांतला फरक नीट कळत नाही, आणि जुन्या भिंतीत तर तोच फरक सगळ्यात महत्त्वाचा. दिवसाच्या उजेडात बसणं उत्तम. नाहीच जमलं तर ५००० केल्विनच्या आसपासचा आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असलेला दिवा घ्या, दोन्ही आकडे बहुतेक वेळा खोक्यावर छापलेले असतात.

ब्लॅक अँड व्हाइट

हीच खरी तपासणी. एकच करायची असेल तर ही करा.

चित्राचा फोटो काढा, तो आणि मूळ फोटो दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट करा, शेजारी शेजारी ठेवा आणि डोळे बारीक करून बघा. डोळे बारीक केले की भेगा-पानं पुसली जातात आणि फक्त गडद-उजळ गठ्ठे उरतात. मूळ फोटोत साधारण तीन-चार स्पष्ट गठ्ठे दिसतील, आकाश, उन्हातली बाजू, सावलीतली बाजू, वळचणीखालचा काळोख. तुमच्या चित्रात जर उन्हातली आणि सावलीतली भिंत एकाच राखाडी रंगाची झाली असेल तर निदान झालं. रंग वेगळे आहेत, पण व्हॅल्यू, म्हणजे गडद-उजळपणा, एकच. आपल्याला घराला दोन बाजू आहेत हे रंगामुळे कळत नाही, एका बाजूवर उजेड कमी आहे यामुळे कळतं.

हे का होतं? कारण मनात "भिंत पांढरी आहे" असं बसलेलं असतं आणि हात आपोआप पांढऱ्या ट्यूबकडे जातो. यावर माझा जुना उपाय सांगते. दोन छोटे पुठ्ठे घ्या, प्रत्येकाला कागद पंच करायच्या मशीनने एकेक भोक पाडा. फोटोच्या प्रिंटवर एक भोक वळचणीखालच्या सावलीतल्या पांढऱ्या भिंतीवर ठेवा आणि दुसरं उन्हात पडलेल्या मातीच्या वाटेवर. भोकांतून दिसणारे दोन ठिपके नुसते बघा, बाकीचं सगळं पुठ्ठ्याखाली झाकलेलं. कडक उन्हाच्या फोटोत बहुतेक वेळा "पांढरी" भिंत तपकिरी वाटेपेक्षा गडद निघते. एका मैत्रिणीला हे दाखवलं तर तिने पुठ्ठे तीनदा उचलून खात्री केली, मग काही न बोलता पॅलेटवरचा पांढरा खरवडून बाजूला केला आणि सावलीसाठी नवा रंग कालवायला घेतला. त्या दिवशी तिचं घर उभं राहिलं, कौलांना हातही न लावता.

पुठ्ठे जपून ठेवा, पुढे परत लागतील.

फोटोच खोटं बोलतोय का

फोटो झूम करा आणि सगळ्यात गडद जागेत जा, दाराच्या आत, खिडकीत, वळचणीखाली. तिथे काही दिसतंय का? नुसता सपाट काळा असेल तर कॅमेऱ्याने तिथलं काही टिपलेलंच नाही. आपण प्रत्यक्ष तिथे उभे असतो तेव्हा डोळा आधी उन्हात बघतो, मग सावलीत जातो, तेवढ्यात स्वतःला जुळवून घेतो आणि आतली कडी, खुंटी, भिंतीचा कोपरा सगळं दिसतं. कॅमेऱ्याला एकाच क्षणात एकच एक्स्पोजर धरावं लागतं, मग उन्हाच्या बाजूने गेला तर सावली काळी आणि सावलीच्या बाजूने गेला तर ऊन पांढरंफटक. तो काळा तुम्ही इमानदारीने उतरवला की झालं, दाराऐवजी भोक.

उपाय फुकट आहे. फोटोच्या दोन कॉपी करा. एकीत सावल्या उजळवा, दुसरीत उजळ भाग खाली आणा, आणि रंगवताना तिन्ही समोर ठेवा. सावलीतले रंग पहिल्या कॉपीतून घ्यायचे, गिलाव्याचा पोत दुसरीतून, आणि एकूण गडद-उजळाचा हिशोब मूळ फोटोतून. ट्यूबमधला काळा खिडकीत थेट लावू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो गडद रंग होतो तो जवळजवळ काळाच असतो पण त्यात थंड-गरम करता येतं, निळा थोडा जास्त घेतला की खोली आत जाते, सिएना जास्त घेतला की लाकूड जवळ येतं.

खिडकीबद्दल अजून एक, कारण इथे सगळेच फसतात. उघड्या खिडकीतला काळोख सगळीकडे सारखा नसतो. वर चौकटीखाली तो सगळ्यात दाट, खाली उंबरठ्याकडे थोडा सैल, कारण बाहेरच्या जमिनीवरून उजेड आत उसळतो. आणि बंद काचेच्या खिडकीत तर आकाशाचं प्रतिबिंब असतं, ती भिंतीपेक्षा उजळसुद्धा असू शकते. जुन्या काचा एकसारख्या सपाट नसायच्या, म्हणून एकाच खिडकीतली प्रत्येक काच वेगळा उजेड दाखवते. सहा काचा असतील तर सहा वेगळे राखाडी कालवा. एवढ्या छोट्या गोष्टीने घर जुनं दिसायला लागतं, मला हे काम करताना दरवेळी आनंद होतो.

उलटा प्रकारही असतो. फोनचा एचडीआर मोड सावल्या उचलतो आणि ऊन दाबतो, सगळंच मधल्या टोनचं, कुठे ऊन पडलंय तेच कळत नाही. असा फोटो असेल तर आधी उजेड कुठल्या बाजूने येतोय ते ठरवा, वळचणीची सावली भिंतीवर किती खाली उतरलीय त्यावरून कळतं, आणि मग सावलीचा सगळा गठ्ठा एक पायरी खाली ढकला. इथे फोटोचं ऐकायचं नाही.

चौकट जुळते का

हे कुणी तपासतच नाही. फोनचा फोटो साधारण ४:३ असतो. १२×१६ इंचाचा कॅनव्हास घेतला तर तोही ४:३, प्रश्न नाही. पण १६×२० इंचाचा घेतला तर तो ५:४ आहे. फोटोवर आडवे ८ आणि उभे ६ चौकोन आखले आणि कॅनव्हासवरही ८ आणि ६ आखले, तर कॅनव्हासवरचा प्रत्येक चौकोन अडीच इंच रुंद आणि जवळपास पावणेतीन इंच उंच होतो. म्हणजे तो चौरस राहिलाच नाही, सगळं घर ६-७ टक्के उंच ताणलं गेलं. एकेक चौकोन तपासला तर बरोबर, आणि तरी एकूण चित्र परकं. बसकं कौलारू घर ताणलं की त्याचा जीवच जातो.

फोटो आधी ५:४ मध्ये क्रॉप करा, किंवा कॅनव्हासवर २०×१५ चा भाग आखून उरलेली १ इंचाची पट्टी आकाशाला नाहीतर जमिनीला द्या. रंगवून झाल्यावर सापडलं असेल तर ताणलेलं घर तसंच ठेवा, आणि जोत्यापाशी गवत किंवा माती थोडी वर चढवून भिंतीची उंची कमी करा. दहातल्या सात वेळा एवढ्याने भागतं.

घर झुकलंय का

फोनचा नेहमीचा कॅमेरा म्हणजे वाइड लेन्सच. घर पूर्ण मावावं म्हणून आपण जवळ उभे राहतो आणि फोन वर तिरका करतो, मग उभ्या रेषा वरती एकमेकींकडे झुकतात. फोटोत आपल्याला ते चालतं, डोळा माफ करतो. चित्रात माफ करत नाही. चित्रात तेच घर मागे पडतंय असं वाटतं.

पट्टी घ्या, कॅनव्हासच्या कडेला समांतर धरा आणि भिंतीचे कोपरे, दाराच्या चौकटी तपासा. सगळ्या वर जाताना आत येत असतील तर दोष लेन्सचा, फोटो एडिट करायच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये पर्स्पेक्टिव्हचं टूल असतं त्याने सरळ करता येतं. पण एखादीच भिंत, एखादीच चौकट तिरकी असेल तर सावधान, ते घराचं वय असू शकतं. जुन्या घराचं आढं मधे खचतं, चौकट एका अंगाला बसते, जोत्याशी भिंतीला पोट सुटतं. हे सगळं पट्टीने सरळ केलं तर काल बांधलेलं घर होतं. मी आधी पट्टीने हलक्या रेषा आखते, आणि मग हाताने फक्त तेवढ्याच जागी त्या मोडते जिथे घर खरंच मोडलंय.

फोटो स्वतः काढणार असाल तर मागे जा, दुप्पट झूम करा, फोन सरळ उभा धरा. अल्ट्रावाइड तर अजिबात नको, जवळचा कोपरा फुगतो आणि लांबची भिंत आगपेटीएवढी होते.

आता रंगाकडे: वाळल्यावर काळवंडतोय का

ओल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये जो बाइंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट पदार्थ) असतो तो दुधासारखा असतो, वाळला की पारदर्शक होतो. म्हणून ओला रंग फिका दिसतो आणि वाळून गडद होतो. गडद रंगांत हा फरक जास्त जाणवतो, आणि सावल्या बिघडतात त्या इथेच. ओला असताना सावली बरोबर जुळवली की वाळल्यावर ती एक पायरी खाली गेलेली असते, आधीच फोटोत काळी, वरून अजून काळी.

तपासणी सोपी. कालवलेला रंग जाड कागदाच्या पट्टीवर लावा, हेअर ड्रायरने वाळवा, मग फोटोशेजारी धरा, मघाचे भोकाचे पुठ्ठे काढून बघा. प्रत्येक मोठ्या गठ्ठ्यासाठी एक पट्टी, आकाश, ऊन, सावली, कौलं. या पट्ट्यांच्या मागे कुठले रंग किती घेतले ते लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी तोच रंग परत कालवायचा असतो आणि अंदाजाने कधीच जमत नाही.

चिखल

चिखल होण्याची कारणं मला तीन सापडलीत आणि तिन्ही एकाच वेळी घडतात. एक, पाणी घाण. दोन भांडी ठेवा, एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यात फक्त भिजवायचा. दोन, एका मिश्रणात चार-पाच ट्यूबा. जुन्या भिंतीला दोन रंग आणि पांढरा पुरतात, यलो ऑकर आणि थोडा अल्ट्रामरीन, किंवा बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, यातून कितीतरी भिंती निघतात. स्वस्त ट्यूबांवर नावापुढे ह्यू लिहिलेलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी बहुतेक वेळा दुसऱ्या रंगद्रव्यांचं मिश्रण असतं, म्हणजे दोन ट्यूबा कालवताना आपण नकळत चार-पाच गोष्टी कालवत असतो. तीन, अर्धवट वाळलेल्या थरावर परत ब्रश. अ‍ॅक्रिलिक वरून वाळतो आणि खाली ओला असतो, तेव्हा घासलं की साय ओढल्यासारखा सोलून येतो आणि खालचा रंग वर मिसळतो. हाताच्या पाठीने हलकं टेकवून बघा, गार लागला तर अजून ओला आहे.

पण कधीकधी रंग चिखल नसतोच, शेजारी बिघडवतात. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचा प्रमुख होता, तिथे तक्रार आली की विणकामातला काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंग चांगला निघाला, शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे काळा कमजोर दिसत होता. यावर त्याने १८३९ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. चित्रातही तेच. भिंतीचा राखाडी जर ट्यूबमधून थेट आलेल्या हिरव्यागार झाडीशेजारी असेल तर तो मेलेला, लालसर दिसणारच. भिंत परत रंगवायच्या आधी झाडीवर टिश्यू पेपरचा राखाडी तुकडा ठेवून भिंतीकडे बघा. भिंत एकदम ठीक वाटली तर गुन्हेगार झाडी आहे, तिच्यात थोडा बर्न्ट सिएना घाला. मी कित्येक चांगल्या भिंती याच कारणाने उगाच परत रंगवल्या जाताना बघितल्यात आणि वाईट वाटतं.

कडा

फोटोत सगळं फोकसमध्ये असतं, शिवाय अ‍ॅक्रिलिक लवकर वाळतो म्हणून प्रत्येक कड सुरीसारखी. डोळा असं बघत नाही. चित्रात एकच जागा टोकदार ठेवा, समजा दार, आणि बाकी कडा थोड्या विरघळवा. कौलांची लांबची ओळ आकाशात जरा मिसळू द्या, सावलीतला भिंतीचा कोपरा शेजारच्या काळोखात हरवू द्या. वाळलेल्या कडेवर मधला रंग घेऊन जवळजवळ कोरड्या ब्रशने घासलं तरी चालतं. ओल्यात काम करायचं असेल तर रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव्य) थोडा, बाटलीवर लिहिलंय तेवढाच, जास्त घातला तर थर चिकट राहतो.

सावली दुरुस्त करायची: ग्लेझ

इथपर्यंत येऊन निदान "सावली पुरेशी गडद नाही" किंवा "सावलीचे तुकडे पडलेत" असं झालं असेल तर सगळी भिंत परत रंगवू नका, ग्लेझ द्या, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर. थर पूर्ण वाळलेला हवा. ग्लेझिंग मीडियम भरपूर, त्यात अल्ट्रामरीन आणि अगदी थेंबभर बर्न्ट सिएना, पांढरा अजिबात नाही. पांढरा आला की पारदर्शकता गेली, धुकं होतं. मऊ चपटा ब्रश घ्या आणि सावलीचा आकार एका दमात झाका, भिंत, चौकट, त्यावरची वेल, जे जे सावलीत आहे त्या सगळ्यावरून एकच थर. एकच सावली या सगळ्यांवर पडलीय हे डोळ्याला तेव्हाच पटतं. वाळू द्या, बघा, कमी वाटलं तर दुसरा थर. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर केव्हाही चांगले.

मग शेवटी वळचणीखाली, सावलीच्या वरच्या अंगाला, यलो ऑकरचा एक पातळ हात. उन्हातल्या जमिनीवरून उजेड उसळून वळचणीच्या खालच्या बाजूला लागतो, तो गरम असतो. फोटोत हा उजेड बहुतेक वेळा काळ्यात बुडालेला असतो. हा दिला की सावलीत हवा शिरते.

उन्हातली भिंत सपाट असेल तर मात्र ग्लेझ नाही, जाडी लागते. फ्रेंच चित्रकार मॉरिस उत्रिल्लो पॅरिसच्या गल्ल्यांतली घरं कित्येकदा पोस्टकार्डांवरून रंगवायचा, आणि पांढऱ्या भिंतींसाठी रंगात प्लास्टरसुद्धा मिसळायचा. फोटोवरून काम करूनही त्याच्या भिंतींना हात लावावासा वाटतो. आपल्याला मॉडेलिंग पेस्ट किंवा पोताचं जेल पुरतं, पॅलेट नाइफने फक्त पोपड्यांच्या कडेला, सगळ्या भिंतीभर नको.

चकाकी-मंद तुकड्यांचा प्रश्न सगळ्यात शेवटी व्हार्निशने सुटतो. पातळ थराला निदान ३ दिवस आणि जाड थराला दोन आठवडे थांबा, मग सगळीकडे एकच सॅटिन व्हार्निश. मंद पडलेले गडद रंग यानेच परत खोल दिसतात, त्यामुळे नुसतं मंद पडलंय म्हणून त्यावर गडद रंग चढवू नका.

सगळ्यात अवघड: पर्स्पेक्टिव्ह परत बांधणं

वरचं सगळं करूनही घर बसत नसेल तर रेखाटन उकलावं लागतं. टेबलावर मोठा कागद पसरा, मधे कॅनव्हास ठेवा, मास्किंग टेपने धागे चिकटवा आणि वळचण, खिडक्यांच्या वरच्या कडा, उंबरा, जोतं यांच्या रेषा पुढे ओढा. एका भिंतीच्या सगळ्या आडव्या रेषा एका बिंदूत भेटायला हव्यात, दुसऱ्या भिंतीच्या दुसऱ्या बिंदूत, आणि जमीन सपाट असेल तर दोन्ही बिंदू एकाच उंचीवर, फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. बिंदू बहुतेक कॅनव्हासच्या बाहेरच पडतात म्हणून मोठा कागद. जी रेषा भटकलीय ती धाग्यावर लगेच उघडी पडते, बहुतेक वेळा छपराची खालची कड असते. तेवढीच दुरुस्त करा.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

जुन्या घराचा फोटो म्हणजे घरातला एकुलता एक जुना प्रिंट असेल आणि तो काचेला चिकटला असेल, तर तो ओढू नका, पाणी लावू नका, वाफ देऊ नका. काचेसकट तसाच ठेवा, काचेवरूनच फोटो काढून घ्या आणि जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे जा. प्रिंटला बुरशी असेल तरी तेच. एका घरातला असा प्रिंट कुणीतरी केटलची वाफ देऊन सोडवायला गेलं आणि आजीचा चेहरा काचेवरच राहिला, मी तो बघितलाय. चित्र परत होतं, तो प्रिंट परत होत नाही.

व्हार्निश दिल्यावर चूक दिसली तर ते काढायला अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन घेऊ नका, खालचा अ‍ॅक्रिलिकसुद्धा विरघळतो. जुनं किंवा दुसऱ्याचं चित्र असेल तर थेट चित्र-संवर्धकाकडे द्या.

रंग पापुद्र्यासारखा सुटतोय किंवा थेंब थेंब होऊन गोळा होतोय तर वरून काही करू नका, खाली तेलाचा किंवा तेलकट थर आहे. त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, नवीन कॅनव्हास घ्या.

वेगवेगळी माणसं परत परत सांगत असतील की भिंत हिरवट झालीय आणि तुम्हाला तो हिरवटपणा दिसतच नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी आणि मोतीबिंदू दोन्ही तपासून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि रंगांच्या ट्यूबा बदलून हे कळणार नाही.

आणि एकाच भिंतीवर तिसऱ्यांदा हात फिरवायची वेळ आली तर तो दिवस संपवा. थर जाड होतो, कॅनव्हासचा पोत भरून जातो, मग ग्लेझही नीट बसत नाही. नियमित घरं-इमारती रंगवणाऱ्या एखाद्या चित्रकाराकडे अर्धा तास मागा. जाताना मूळ फाइल न्या, फॉरवर्ड होऊन आलेली नाही, चित्राचा आणि फोटोचा ब्लॅक अँड व्हाइट जोड न्या, आणि त्या रंगांच्या पट्ट्या न्या, मागे लिहिलेल्या मिश्रणासकट.